प्रादेशिक सेनेचा जवान आणि गोव्याचा समाज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रादेशिक सेनेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘टीए’मध्ये, जाऊ पाहणाऱ्या गोव्यातील तरुणांचे, त्यांच्या आईवडिलांचे आणि त्यांना कामावर ठेवणाऱ्या मालकांचे प्रश्न वरवर वेगवेगळे दिसतात, पण त्यांच्या तळाशी एकच अडचण असते. वर्षातला काही काळ सैनिक आणि उरलेला काळ नागरिक असलेल्या माणसाशी कोणत्या नात्याने वागायचे, हे आपल्या समाजाने अजून नीट ठरवलेले नाही. पुढील उत्तरांत नियमांची माहिती आहे, आणि जिथे नियम अपुरे पडतात तिथे आमचे मतही स्पष्टपणे मांडले आहे. भरतीच्या अटी वेळोवेळी बदलतात, त्यामुळे अर्ज करताना त्या वेळची जाहिरातच प्रमाण मानावी.

प्रादेशिक सेना म्हणजे नेमके काय?

स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये प्रादेशिक सेना कायदा केला आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या सेनेचे औपचारिक उद्घाटन झाले. इंग्रजांनी १९२० मध्ये अशीच दोन दले उभारली होती, पण त्यातले एक युरोपीय व अँग्लो-इंडियन लोकांसाठी आणि दुसरे भारतीयांसाठी अशी त्यांची विभागणी होती. स्वतंत्र देशाने ती मोडून सर्व नागरिकांसाठी एकच सेना केली. तिचे ब्रीद ‘सावधानी व शूरता’ असे आहे.

नियमित लष्करावरचा पहाऱ्याचा व बंदोबस्ताचा भार हलका करणे, आपत्तीच्या वेळी नागरी प्रशासनाला मदत करणे, अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे आणि गरज पडेल तेव्हा लष्कराला तुकड्या पुरवणे ही तिची कामे आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ या तिन्ही युद्धांत तिच्या तुकड्यांनी भाग घेतला. रेल्वे आणि तेल कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांच्या वेगळ्या विभागीय तुकड्याही आहेत. संकटकाळात गाड्या आणि इंधनपुरवठा थांबू नये, यासाठी त्या उभारलेल्या आहेत.

या सेनेत येणाऱ्याचा चरितार्थ दुसऱ्या एखाद्या नोकरीवर किंवा व्यवसायावर चालत असला पाहिजे, ही तिची मूळ अट आहे. पुढच्या बहुतेक प्रश्नांची मुळे याच अटीत आहेत.

वर्षातून दोन महिन्यांचे काम असे ऐकले होते. मग आमचा मुलगा वर्षानुवर्षे सीमेवर कसा?

आईवडिलांकडून सर्वाधिक येणारा प्रश्न हाच आहे, आणि त्यांची समजूत चुकीची नाही. मूळ रचनेप्रमाणे शहरी तुकड्यांचे प्रशिक्षण वर्षाला तीस दिवसांचे आणि ग्रामीण भागातून भरती होणाऱ्या तुकड्यांचे दोन महिन्यांचे असते. मात्र कायद्याने सरकारला या जवानांना लष्करी सेवेसाठी पाचारण करण्याचा अधिकार दिलेला आहे. जवान याला ‘एम्बॉडी होणे’ म्हणतात. एम्बॉडी झालेल्या जवानाला नियमित सैनिकाचे वेतन आणि भत्ते मिळतात, आणि त्याला लष्कराचा कायदाही लागू होतो.

हा अधिकार युद्धासारख्या प्रसंगापुरता वापरला जाईल, अशी सामान्य माणसाची कल्पना असते. प्रत्यक्षात गेल्या काही दशकांत पायदळाच्या अनेक टीए बटालियन जम्मू-काश्मीरमध्ये आणि ईशान्येकडे दीर्घकाळ तैनात राहिल्या आहेत. मे २०२५ मध्ये, सीमेवरचा तणाव वाढलेला असताना, केंद्र सरकारने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेनेतील प्रत्येक अधिकाऱ्याला व जवानाला बोलावण्याचा अधिकार देणारा आदेश काढला. त्यात पायदळाच्या ३२ बटालियनपैकी १४ बटालियन वेगवेगळ्या कमांडच्या क्षेत्रांत तैनात करण्याची तरतूद होती, आणि आदेशाची मुदत १० फेब्रुवारी २०२५ ते ९ फेब्रुवारी २०२८ अशी तीन वर्षांची होती. म्हणजे ‘अर्धवेळ सैनिक’ या शब्दांत आता तीन सलग वर्षेही बसू शकतात.

हा बदल भारतापुरता नाही. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत अमेरिकेने नॅशनल गार्ड आणि राखीव दलांतील लोकांना पुन्हा पुन्हा बोलावले, आणि मोठ्या युद्धासाठी राखून ठेवलेले मनुष्यबळ नेहमीच्या मोहिमांत वापरले जाऊ लागले. तिथे १९९४ च्या कायद्याने अशा लोकांची नागरी नोकरी साधारणपणे पाच वर्षांच्या सेवेपर्यंत सुरक्षित ठेवलेली होती, म्हणून ती व्यवस्था बऱ्याच अंशी तग धरू शकली.

भरतीला जाणाऱ्या मुलाला हे सारे घरी बसून, शांतपणे आणि आधीच सांगावे, असे आम्हाला कळकळीने वाटते. भरतीच्या मैदानात येणारे अनेक तरुण टीएला पूर्णवेळची नोकरी समजूनच येतात. कायदा गृहीत धरतो की मुलाला नोकरी आहेच, आणि मुलाला वाटते की आता नोकरी लागली. पाचारण चालू असते तोवर या दोन गृहीतकांतले अंतर कोणाच्या लक्षात येत नाही. बटालियन मोकळी झाली की जवान घरी येतो, पगार थांबतो, आणि परतायला नागरी नोकरी नसली तर तिशी ओलांडलेला तो माणूस पहिल्यापासून काम शोधू लागतो. प्रादेशिक सेना ही पूर्णवेळ कारकीर्द नाही, हे जाहिरातीत स्पष्ट छापलेले असते. ते वाक्य वाचून घ्यावे आणि दुसऱ्यालाही वाचून दाखवावे.

होमगार्ड, एनसीसी, अग्निवीर आणि टीए यांत फरक काय?

होमगार्ड राज्याच्या अखत्यारीत आणि पोलिसांच्या मदतीला असतात. एनसीसी विद्यार्थ्यांसाठी आहे. तिच्या कॅडेटवर लष्करी सेवेची सक्ती नसते, पण तिचे ‘सी’ प्रमाणपत्र भरतीत उपयोगी पडते. अग्निवीर चार वर्षे पूर्णवेळ सैनिक असतो आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के जणांना कायम केले जाते. टीएचा जवान मात्र नागरी जीवन न सोडता सैनिक होतो. २०२२ च्या अखेरीपासून भरती झालेल्या अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची मुदत २०२६ च्या अखेरीपासून संपू लागते. प्रशिक्षित पण पंचविशीच्या आसपासचे हे तरुण गावागावांत परतू लागले की सैनिक आणि नागरिक यांच्या सीमारेषेवर जगणाऱ्यांची संख्या वाढणार आहे, आणि टीएच्या जवानांचे प्रश्न त्यांनाही भेडसावतील.

गोव्यातील उमेदवाराने कुठे जायचे?

गोव्यातील उमेदवारांसाठी दक्षिण विभागाचे भरती मेळावे असतात. जवळच्या पायदळ बटालियन म्हणजे कोल्हापूरची १०९ (मराठा लाइट इन्फंट्री) आणि बेळगावची ११५ (महार). चोर्ल्याच्या घाटातून बेळगाव गाठणे सत्तरी-डिचोलीच्या मुलांना सोयीचे पडते. जवानासाठी वयाची अट १८ ते ४२ वर्षे आणि जनरल ड्यूटीसाठी शिक्षण दहावी उत्तीर्ण अशी असते, १.६ किलोमीटरची धाव, बीमवरचे पुल-अप, नऊ फुटी खंदक आणि तोल सांभाळण्याची चाचणी ठरलेली असते. अधिकारी होण्यासाठी पदवी, लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (सेनादलांच्या निवड मंडळाची चाचणी) आणि वैद्यकीय तपासणी असे टप्पे आहेत. नियमित सेनादले, पोलीस आणि निमलष्करी दले यांत नोकरी करणाऱ्यांना टीएत येता येत नाही. भरतीसाठी पैसे मागणारा कोणीही भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे आणि पोलिसांना कळवावे.

घरात पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर?

हा प्रश्न बहुधा फक्त गोव्यातच विचारला जातो. प्रादेशिक सेना भारतीय नागरिकांसाठी आहे. आजोबांची किंवा वडिलांची पोर्तुगालमध्ये नोंद असली तरी एवढ्यावरून उमेदवाराचे भारतीय नागरिकत्व जात नाही. मात्र त्याने स्वतः स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि मग टीएचा मार्गही बंद होतो. लिस्बनमध्ये स्वतःच्या जन्माची नोंद करायची की नाही, याचा विचार घरात चालू असेल, तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय भरतीचा अर्ज करू नये. कागद लपवून भरती झालेल्याला पुढे फार मोठ्या अडचणींना तोंड द्यावे लागते.

पाचारण संपल्यावर कंपनी पुन्हा कामावर घेईल का?

कायदा म्हणतो, घ्यायलाच हवे. प्रादेशिक सेना कायद्याच्या कलम ७-अ नुसार, पाचारण झाल्यामुळे ज्याची नोकरी खंडित झाली त्याला सेवा संपल्यावर पुन्हा कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि मधला खंड पडला नसता तर त्याला ज्या अटी लागू झाल्या असत्या त्यांपेक्षा कमी दर्जाच्या अटी त्याच्यावर लादता येत नाहीत. कलम ७-ब त्याच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या हक्कांचे रक्षण करते. मालकाने नकार दिला तर नेमून दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. तो प्राधिकारी मालकाला सूट देऊ शकतो, जवानाला कामावर घेण्याचा आदेश देऊ शकतो, किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई ठरवू शकतो.

आता व्यवहाराकडे वळू. वेर्णा, कुंडई किंवा पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कामगार कंत्राटदारामार्फत लागलेला असतो. त्याच्या हाती नेमणुकीचे पत्र नसते, आणि कंत्राट दर अकरा महिन्यांनी नवे होते. तो तीन वर्षांनी परततो तेव्हा मूळ कंत्राटदार बदललेला असतो आणि नवा म्हणतो, मी तर तुला ओळखतही नाही. हॉटेलांत हंगामापुरती नेमणूक असते. तिथेही हेच घडते. कायमस्वरूपी नोकरी हा नियम आणि कंत्राट हा अपवाद होता त्या काळात हे कलम लिहिले गेले. रोजगाराचे रूप पालटले तरी कलमाची भाषा तीच राहिली, आणि सहा महिन्यांच्या वेतनाची भरपाई तीन वर्षांच्या सेवेपुढे अत्यंत तोकडी आहे, असे आमचे ठाम मत आहे.

तोवर जवानाने काही गोष्टी निश्चित कराव्यात. टीएत नाव नोंदल्याचे मालकाला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पाचारणाच्या आदेशाची प्रत कामावर द्यावी. पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि नेमणुकीचे जे काही कागद असतील ते घरी जपून ठेवावेत. मोकळे झाल्यावर परत घेण्याची मागणी विलंब न लावता आणि लेखीच करावी.

सरकारी व निमसरकारी नोकरांची स्थिती यापेक्षा बरीच सुरक्षित आहे. त्यांनी आपल्या खात्याच्या आस्थापना विभागाकडून रजेचे व सेवाकाळ मोजण्याचे नियम लेखी घ्यावेत.

मी लहान व्यावसायिक आहे. माझा एकमेव तंत्रज्ञ गेला तर नुकसान कोण भरून देणार?

आपली अडचण खरी आहे, आणि देशप्रेमाचे दाखले देऊन ती झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या कायद्यात मालकावर कर्तव्य टाकलेले आहे, पण त्याला आर्थिक आधार देण्याची तरतूद त्यात नाही. ब्रिटनने २०१४ मध्ये आपल्या टेरिटोरियल आर्मीचे नाव बदलून आर्मी रिझर्व्ह केले, आणि त्याच वर्षीच्या कायद्याने लहान व मध्यम मालकांना त्यांचा माणूस सेवेत असेपर्यंत दरमहा ५०० पौंडांपर्यंत रक्कम देण्याची सोय केली. राखीव दलांचा वापर वाढवायचा तर त्याचा भार एकट्या मालकाने सोसू नये, हे तिथे सरकारने मान्य केले. चार कामगारांच्या गॅरेजमालकाला अशी मदत मिळावी, ही मागणी गोव्यातील उद्योजकांच्या संघटनांनी आपल्या खासदारांमार्फत लावून धरण्यासारखी आहे.

दरम्यान, वार्षिक शिबिराची तारीख जवानाला कळताच ती आपल्याला सांगण्याचा करार त्याच्याशी करावा. पर्यटनाशी संबंधित व्यवसायात ऑक्टोबर ते मार्च हा काळ अडचणीचा असतो, म्हणून पर्यायी माणूस पावसाळ्यातच तयार करावा.

धोनीलाही टीएचा गणवेश मिळाला. मग ही केवळ मानाची गोष्ट आहे का?

कपिल देव यांना २००८ मध्ये, मोहनलाल यांना २००९ मध्ये आणि महेंद्रसिंह धोनी यांना २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा देण्यात आला. धोनी यांनी २०१९ मध्ये काश्मीरमध्ये १०६ पॅरा बटालियनसोबत काही काळ सेवाही केली. अशा नावांमुळे टीए घराघरांत पोहोचली, हे मोलाचेच आहे. सचिन पायलट यांची गोष्ट मात्र वेगळी आहे: ते मंत्री असताना, २०१२ मध्ये, परीक्षा व निवड प्रक्रियेतून नियमित टीए अधिकारी झाले.

परंतु समाजाच्या मनात टीएचे चित्र एवढेच उरले तर ते अपुरे आहे. लान्स नायक नझीर अहमद वाणी हे काश्मीरमधील १६२ टीए बटालियनचे जवान होते. एकेकाळी दहशतवाद्यांत सामील असलेला हा माणूस २००४ मध्ये टीएत आला, नोव्हेंबर २०१८ मध्ये शोपियाँमधील चकमकीत हुतात्मा झाला, आणि त्यांना २०१९ मध्ये अशोक चक्र मिळाले. शस्त्र खाली ठेवून परतलेल्या माणसाला त्याच्याच भूमीत सन्मानाचे स्थान देण्याचे काम या सेनेने केले. टीए म्हटल्यावर धोनींच्या जोडीला वाणींचेही नाव आठवावे, अशी आमची इच्छा आहे.

स्त्रियांना टीएत जाता येते का?

होय. आधी ही वाट विभागीय तुकड्यांपुरती खुली होती. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने स्त्रियांवरील बंदी रद्दबातल ठरवली आणि त्यानंतर स्त्रिया अधिकारी म्हणून येऊ लागल्या. कोणत्या पदांसाठी जागा आहेत, हे त्या त्या जाहिरातीत पाहावे.

गोव्यात लष्कर म्हटले की जमिनीचा विषय निघतो. टीएमुळे हे नाते बदलेल का?

या प्रश्नाला इतिहास आहे. १८९५ मध्ये पोर्तुगीज सरकारने आपल्या सैन्यातील इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकमध्ये लढायला पाठवायचे ठरवले. समुद्र ओलांडायला त्यांचा नकार होता. त्यांनी बंड करून सत्तरीतील नाणूसचा किल्ला गाठला, आणि पुढे सत्तरीच्या राणे घराण्यातले दादा राणे त्या उठावात उतरले. त्या शिपायांना सरकारने भाडोत्री हात मानले होते. त्यांचे घर, धर्म आणि संमती यांना हिशोबात जागा नव्हती. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात मात्र, केंद्र सरकारच्या विशेष वा सर्वसाधारण आदेशाशिवाय जवानाला भारताबाहेर सेवेला पाठवता येत नाही, असे स्पष्ट बंधन आहे. नागरिक-सैनिकाचा सरकारशी असलेला करार असाच सीमा घालून केलेला असावा.

मुक्तीनंतर दाबोळीचा विमानतळ नौदलाकडे आला, बांबोळीला लष्करी ठाणे झाले, आणि गोव्याच्या माणसाला सेना दिसली ती बहुधा कुंपणाच्या पलीकडची. जमिनीचे वाद आपल्या जागी आहेत आणि ते सनदशीर मार्गानेच सुटतील; टीए त्यांचे उत्तर नाही. पण टीएचा जवान ग्रामसभेत आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसतो, नळाला पाणी येत नाही म्हणून तक्रार करतो, देवळाच्या समितीत पावत्या फाडतो. सेना आणि गाव यांना एकमेकांबद्दल जे विचारायचे असते ते विचारण्याची सोय अशा माणसामुळे होते. गोव्यात अशी माणसे जास्त असती तर दोन्ही बाजूंचे बरेच गैरसमज टिकले नसते.

टीएचा गोव्याला थेट उपयोग होईल असे काही आहे का?

आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते. १९८२ मध्ये डेहराडूनला १२७ ही पर्यावरण बटालियन उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी उघडेबोडके केलेले मसुरीचे डोंगर तिने पुन्हा हिरवे केले. अशा बटालियनमध्ये प्रामुख्याने त्याच प्रदेशातील माजी सैनिक असतात. ते रोपवाटिका चालवतात, खड्डे खणतात, झाडे लावतात, आणि मुख्य म्हणजे पहिली काही वर्षे ती राखतात. मराठवाड्यातही छत्रपती संभाजीनगरजवळ १३६ ही पर्यावरण बटालियन काम करते.

डिचोली, सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील खाणपट्टा पाहिलेल्या कोणालाही पुढचे सांगावे लागणार नाही. २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. मधल्या काळात मातीचे प्रचंड ढिगारे तसेच पडून राहिले. पावसाळ्यात त्यांची लाल माती वाहून खालच्या शेतांत आणि ओहोळांत साचते. मसुरीच्या डोंगरांवर जे झाले ते इथे अशक्य का मानावे? अशा बटालियनचा खर्च राज्य सरकार किंवा पर्यावरण मंत्रालय उचलते, म्हणजे पुढाकार पणजीतून व्हावा लागेल. गोव्यातील आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील माजी सैनिकांना घराजवळ सन्मानाचे काम मिळेल आणि ढिगाऱ्यांवर झाडे उभी राहतील. विधानसभेत हा प्रश्न कोणीतरी लावून धरावा.

घरातील माणसांनी आणि शेजाऱ्यांनी काय करावे?

नियमित सैनिकाचे कुटुंब बहुधा छावणीत किंवा सैनिकी कुटुंबांच्या सोबतीने वावरते. टीएच्या जवानाचे घर गावातच असते, आणि त्याच्या अनुपस्थितीचा अर्थ गावाला नेहमी कळतोच असे नाही. पलंगाखालची काळी लोखंडी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेले नाव आणि क्रमांक, तिच्यातून निघणारा गणवेश, आणि रात्रीच्या गाडीसाठी झालेली लगबग, एवढेच घरातल्यांना दिसते. शेजाऱ्यांना सकाळी नुसते दार बंद दिसते.

चवथीला हे विशेष जाणवते. गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीसाठी रानात जाऊन फळे, फुले आणि वेली गोळा करणारा हात घरात नसतो, आणि म्हातारे वडील शिडीवर चढू शकत नाहीत. अशा घरची माटोळी वाड्यावरच्या मुलांनी बांधून दिली, तर जवानाच्या बायकोला कोणाकडे मागायला जावे लागत नाही. रेशन, बँक, मुलांची शाळा, वीजबिलाची तक्रार या कामांत कोणाची मदत घ्यायची, हे जाण्यापूर्वीच ठरवावे आणि बँकेच्या खात्यावर पत्नीचे किंवा आईचे नाव जोडून घ्यावे. पंचायतीने आपल्या गावातील टीए जवानांची नोंद ठेवावी. ती ठेवायला कोणत्याही वेगळ्या आदेशाची गरज नाही.

सेवा संपल्यावर निवृत्तिवेतन आणि माजी सैनिकाचा दर्जा मिळतो का?

सर्वांना नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे. निवृत्तिवेतनासाठी जवानाची १५ वर्षे आणि अधिकाऱ्याची २० वर्षे एम्बॉडी सेवा भरावी लागते. नागरी नोकरीत घालवलेला मधला काळ यात धरत नाहीत. माजी सैनिकाचा दर्जाही टीएच्या बाबतीत मर्यादित लोकांना मिळतो: एम्बॉडी सेवेबद्दल निवृत्तिवेतन घेणारे, लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेले आणि शौर्यपदक विजेते. आठ-दहा वर्षे सीमेवर काढूनही ज्याची पंधरा भरली नाहीत, तो कागदावर माजी सैनिक ठरत नाही आणि त्या नावाने असलेल्या आरक्षणाचा किंवा सवलतींचा लाभ त्याला मिळत नाही. दीर्घ तैनाती हाच आता प्रघात झालेला असताना ही व्याख्या बदलायला हवी, असे आम्हाला वाटते.

प्रत्येक पाचारणाच्या आणि मुक्ततेच्या आदेशाची प्रत, सेवापुस्तकातील नोंदी आणि वैद्यकीय कागद क्रमाने लावून ठेवावेत. सेवेत असताना झालेली दुखापत, ती किरकोळ वाटली तरी, त्याच वेळी नोंदवून घ्यावी. दहा वर्षांनी गुडघा दुखू लागल्यावर ती नोंद मिळवणे जवळजवळ अशक्य असते. शंका असल्यास आपल्या बटालियनचे अभिलेख कार्यालय आणि राज्य सैनिक मंडळ या दोन्ही ठिकाणी लेखी विचारणा करावी आणि दोन्हीकडून मिळालेली उत्तरे त्याच फायलीत लावावीत.